मागची तोरणी

माझं काम मापायचं आहे. बेळगावजवळ मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तयार झालेले सुटे भाग तपासतो. हातात व्हर्नियर, समोर ट्रे, आणि दिवसभर एकच प्रश्न: बसतंय की नाही? केसभर जास्त झालं तरी भाग बाजूला ठेवायचा आणि का जास्त झालं ते शोधायचं. मशीन तापलं होतं, हत्यार झिजलं होतं, की माणूस डुलकी घेत होता? ‘का’ सापडल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. घरीही तीच खोड. भात का लागला, नळाला पाणी का कमी आलं, सगळ्याची मी चौकशी लावतो. आमची ही म्हणते, “तुम्ही देवळात गेलासा तरी घंटा मापून येशीला.” ते काही खोटं नाही. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं. यातल्या एका गोष्टीचं कारण मला चांगलं सापडलं, इतकं की दोन दिवस मान वर करवेना. दुसरीचं अजून सापडलेलं नाही. ते देवानं केलं की माणसानं, हेही मला सांगता येणार नाही. घडलं तसं सांगतो.

बोरगावच्या अलीकडं आमचं गाव. गावाला जोतिबाची सासनकाठी आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तीसेक फुटांचा कळक, म्हणजे बांबू, त्याला वरपासून खालपर्यंत फेटे गुंडाळलेले आणि शेंड्याला निशाण. उभी काठी एकच माणूस उचलतो. त्याच्या कमरेला रुंद पट्टा असतो, पट्ट्याला पुढं एक खोलगट वाटी. त्या वाटीत काठीचा बुडखा बसवायचा आणि दोन्ही हातांनी काठी धरून चालायचं. काठीच्या वरच्या अंगाला चार दोर बांधून चार दिशांना सोडलेले असतात. त्यांना तोरण्या म्हणतात. पुढं एक, मागं एक, दोन बाजूंना दोन, आणि प्रत्येक तोरणी एकेका माणसाच्या हातात. वजन उचलणाऱ्याचं, तोल त्या चौघांचा. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर कितीतरी गावांच्या काठ्या येतात, त्यात आमचीही असते. तीन दिवस चालत जायचं. वाटेत ती आळीपाळीनं सगळे नेतात, पण देवळाकडं जाणाऱ्या गल्लीतली शेवटची चाल आमच्या घराकडं. माझे वडील, म्हणजे आप्पा, वीसएक वर्षं ती चाल चालले. मग ती माझ्याकडं आली.

तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला गावातल्या देवळासमोर काठी उभी केली. पाडव्याला नेहमीच मैदानाला एक फेरी मारतात. काठी माझ्या कमरेला होती आणि मागची तोरणी मारुतीच्या हातात. मारुती माझा चुलतभाऊ, वर्षानं लहान. आम्ही एका ताटात जेवून मोठे झालो. तोसुद्धा मच्छेलाच, माझ्या कारखान्याच्या पुढच्या रस्त्यावरच्या फाउंड्रीत भट्टीवर आहे. दहा-बारा पावलं गेलो असेन, समोरून वारा आला. काठी हलली, मागची तोरणी सैल पडली आणि काठी पुढं गेली. मी हात सोडले नाहीत. सोडायला हवे होते, पण निशाण जमिनीला लागू द्यायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. काठीनं मला पुढं खेचलं आणि उजव्या खांद्यात कापड फाटल्यासारखा आवाज आला. तो मला आजही ऐकू येतो. बाकी कुणाला काही झालं नाही, ती देवाची कृपा. जीपमधून दवाखान्यात नेताना कुणीतरी विचारलं, काय झालं रं? मी दातओठ खात एकच वाक्य बोललो, “मारत्यानं तोरणी सोडली.”

ते वाक्य माझ्या आधी गावात पोचलं. मारुती कुणाशी भांडला नाही, खुलासा केला नाही. तो काठीजवळ यायचाच बंद झाला. मच्छेला चहाच्या गाड्यावर मी दिसलो की गाडी वळवून निघून जायचा. मलाही राग होता. चूक त्याची, खांदा माझा गेला, मी कशाला आपणहून बोलू? असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

खांद्यातल्या दोन कंडरा तुटल्या होत्या. बेळगावात ऑपरेशन झालं, दीड महिना हात गळ्यात बांधलेला. मग व्यायाम सुरू झाले. ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, आणि काल जिथं पोचला होता तिथं आज पोचत नाही. मी भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारून ठेवायचो. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर मॅडम वयानं लहान, घरची भाषा कन्नड, माझ्याशी मराठी बोलायच्या, पण महत्त्वाचं काही सांगायचं झालं की कन्नडात शिरायच्या. आठ महिन्यांनी त्यांनी दोन्ही हातांची ताकद मोजली. उजवा डाव्याच्या बरोबरीला आला होता. त्यांनी काठी कशी असते ते नीट विचारून घेतलं आणि सरावाला हरकत नाही म्हणाल्या. त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आलो.

आणि तिथंच गाडी अडकली. मच्छेला आम्ही राहतो त्या घरामागं मोकळा प्लॉट आहे. तिथं मी साधा कळक उभा केला, शेंड्याला ओल्या वाळूची पिशवी बांधली, चार दोर सोडले. शेजारचे तिघं हौसेनं आले. चौथं कुणी नाही म्हणून मागचा दोर आमच्या हिनं धरला. कळक उचलला, चाललो. दुखलं नाही. पण अकराव्या पावलाला माझी मान आपोआप मागं वळली, हात गार पडले आणि कळक खाली ठेवावा लागला. परत उचलला, परत अकरा. ही कमरेला पदर खोचून, दोर दोन्ही हातांत घट्ट धरून उभी. “मी हाय की हितं,” ती म्हणाली, “सोडून जातीय व्हय मी?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईनं दीड महिना मला घास भरवला, तिच्या हातातल्या दोराचा मला भरवसा वाटेना.

मी मॅडमना सांगितलं, खांदा बरा झालेला नाही. त्यांनी खांदा तपासला आणि विचारलं, “दुखतंय, का भीती वाटतेय?” मी म्हटलं, एकच की. “एक नाही. नोवु बेरे, भया बेरे,” त्या म्हणाल्या. दुखणं वेगळं, भीती वेगळी. दोन्हीला वेगवेगळे आकडे द्या, शून्य ते दहा, रोज सरावानंतर लिहा. आकडे म्हटल्यावर मी खूश. दोनशे पानी वही आणली आणि दोन रकाने पाडले. त्यांनी सरावही तुकड्यातुकड्यांत पाडून दिला. आधी कळक नुसता धरून उभं राहायचं. मग दोर हलवायला सांगायचे आणि जागचं हलायचं नाही. मग डोळे मिटून पाच पावलं. भीती वाटली तर पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथंच श्वास मोजत थांबायचं. मी सगळं इमानेइतबारे केलं. पाच पावलांची सात झाली, सातांची नऊ झाली. दुखण्याचा रकाना हळूहळू एकवर आला. भीती आठवर होती ती आठवरच राहिली. दर वेळी अकरा पावलं, आणि मान मागं. कारखान्यात असा आकडा आला असता तर मी म्हटलं असतं, आपण चुकीच्या ठिकाणी मापतोय. पण स्वतःच्या बाबतीत एवढं साधं सुचत नाही.

इकडं गावात बैठक बसली. मधली दोन वर्षं शेवटची चाल दुसऱ्या आळीच्या माणसानं चालवली होती. थोरली माणसं आप्पांना म्हणाली, औंदा तुमच्या पोराला जमलं तर बरं, न्हाईतर हा मान आता तिकडंच राहू दे, दर साली कुठं वाट बघायची? त्यांचं काही चुकलं नव्हतं. आप्पा घरी येऊन मला एवढंच म्हणाले, “कमरंनं धर. डोसक्यानं धरू नगंस.” वय झालेला माणूस, गुडघ्याला पट्टा बांधून त्या वर्षीही चालत येणार होता. माझ्या हातून ती चाल सुटली तर ती आप्पांच्या डोळ्यांदेखत सुटणार होती.

मी फार देवभोळा नाही. काठी उचलतो म्हणजे भक्त, असं लोक समजतात. मी उचलायचो कारण आप्पा उचलायचे. पण निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवघरासमोर बसलो, आणि काय मागावं ते कळेना. बरं कर म्हणावं तर खांदा बरा होता. शेवटी म्हटलं, देवा, भीती घालव असं मी म्हणत नाही. राहू दे ती. पण ती का आहे, तेवढं सांग. दारातून ही ऐकत होती. म्हणाली, “देवाला पण कारण इचारताय व्हय? धन्य हाय तुमची.”

डोंगरावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गल्ली तुम्ही बघितली असेल. दोन्ही बाजूंना नारळाची, पेढ्यांची, गुलालाची दुकानं, मध्ये माणूस माणसाला चिकटलेला, वरून गुलाल आणि खोबऱ्याच्या वाट्यांचा मारा, आणि सगळीकडून ‘चांगभलं’. मागची तोरणी त्या वर्षी भरमूकडं होती. हा आमच्याच आळीतला तरणा गडी, ताकदीचा. आप्पांनी माझ्या पट्ट्याची गाठ स्वतःच्या हातानं बांधली. मी काठी घेतली आणि चालायला लागलो. एक, दोन, तीन मोजत होतो. तोंडात गुलाल, डोळ्यांत गुलाल. पुढं दहा पावलांवर गल्लीला एक अरुंद वळण आहे. तिथं गर्दीचा लोंढा बाजूनं आला, काठी थरथरली आणि माझी मान वळायला लागली. हात गार पडले ते मला कळलं. आता काठी जाणार, आणि आप्पा बघणार, एवढंच डोक्यात आलं.

तेवढ्यात मागची तोरणी ताणली. हिसका नव्हता. कुणी ओढलंही नाही. बाळंतिणीच्या पाठीला सुईण हात लावून ठेवते तसा नुसता भार आला आणि तो तसाच राहिला. माझी मान अर्ध्यावर थांबली. मी मागं पाहिलं नाही. मागं सरलोही नाही. काठी कमरेत बसली, पाय पुढं पडत गेले आणि देवळाच्या दारात लोकांनी काठी उतरवून घेतली तेव्हा मला कळलं की मी मोजायचं कधीच सोडून दिलं होतं. आप्पा एका पायरीवर बसून लहान मुलासारखे रडत होते. मीही रडलो.

थोड्या वेळानं भरमू आला. गुलालानं भरलेला, पण तोंड उतरलेलं. “अण्णा, माफ करा,” तो म्हणाला. “वळणावर तोरणी माझ्या हातातनं गेली. गर्दीनं मला पेढ्याच्या दुकानात ढकललं. मी आत्ता पोचतोय. तुम्ही मागच्या तोरणीबिगर कसं आलासा?”

मी म्हटलं, मागं कुणीतरी होतं. तो म्हणाला, मी न्हवतो. झालं, माझ्यातला तपासनीस जागा झाला. देवदर्शन राहिलं बाजूला, मी चौकशी लावली. डाव्या तोरणीवाला म्हणाला, मागं एक म्हातारा होता, पांढरा फेटा. उजवीवाला म्हणाला, छे, तरणा गडी, उघड्या डोक्याचा. आमच्यातल्या एका मावशीनं तर शपथेवर सांगितलं की बाईमाणूस होतं, बांगड्या बघितल्या. आमच्या गावचं कुणी नव्हतं, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. बरं, सगळेच गुलालानं माखलेले. त्या दिवशी त्या डोंगरावर मीसुद्धा मला आरशात ओळखलं नसतं.

घरी आल्यावर एकाच्या मोबाईलवरचा व्हिडिओ मिळाला. वळणाचा भाग जेमतेम चार-पाच सेकंदांचा. मी तो थांबवून थांबवून, मोठा करून पाहिला. काठीमागं एक गुलाबी माणूस दिसतो. तोंड नाही, फेटा आहे की केस तेही कळत नाही. पण हात दिसतात. डावा हात पुढं, उजवा मागं, आणि डाव्या मनगटाभोवती दोराचा एक वेढा. मी मोबाईल खाली ठेवला. आमच्या गावात तोरणी अशी धरणारा एकच डावरा आहे. मारुती.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे तो आला, लपून आला, त्यानं आपली चूक भरून काढली. आता मी त्याला माफ करीन. हे वाक्य आज लिहितानाही लाज वाटते. पण त्या दिवशी मी असाच मोठ्या मनानं, पेढ्यांची पुडी घेऊन फाउंड्रीच्या फाटकाशी गेलो. दुपारी पाळी सुटली. मारुती बाहेर आला, मला पाहून थबकला, या वेळी वळला मात्र नाही. आम्ही गाड्यावर चहा घेतला. मी म्हटलं, “डोंगरावर आलतास न्हवं?”

“न्हाय.”

“खोटं बोलू नगंस. मी हात बघितलेत तुझं.”

“पुनवंला माझी सकाळची पाळी हुती,” तो म्हणाला. “भट्टी चालू हुती. ईचार जा आत. सुट्टी कुणाच्या काठीसाठनं मागू?”

मी खरंच आत विचारलं. खोड कुठं जाते? हजेरी होती, सकाळपासून पाळी सुटेपर्यंत भट्टीवर होता. मी परत बाहेर आलो तेव्हा तो चहाचा रिकामा ग्लास हातात धरून तिथंच उभा होता. माझ्याकडं विचारायला काही उरलं नव्हतं. आणि तसं असूनही तोंडातून प्रश्न गेलाच, जो दोन वर्षांत मी एकदाही विचारला नव्हता. “मग त्या पाडव्याला काय झालतं रं?”

मारुतीनं ग्लास गाड्यावर ठेवला. मग शांतपणे म्हणाला, “तू मागं आलास. दोन पावलं. समोरनं वारा आला, काठी मागं झुकली. पुढचा गडी तिला वढतच हुता, सावरली असती. पण तुला धीर निघंना. तू बी सावराय गेलास, मागं सरलास. मी दोर तानून हुबा हाय आन् तू माझ्याकडंच आलास, तर दोर सैल हुनार का न्हाय? तू मापं घेतोस. तूच सांग.”

यात सांगायचं काय होतं? दोर ताणलेला आहे, त्याचं एक टोक दुसऱ्याकडं सरकलं, तर दोर सैल पडतो. हे कळायला व्हर्नियर लागत नाही. समोरचा ओढतोय आणि मीही काठीखाली शिरतोय, म्हणजे एकाच झुकण्याची दोन दुरुस्त्या, मग काठी पुढं जाणारच. कारखान्यात दोघांनी एकच मशीन सेट केलं की माल असाच बिघडतो, हे मी नव्या पोरांना दर आठवड्याला सांगतो. आणि हे मला ठाऊक होतं. खरंच ठाऊक होतं. माझ्या पायांना ती दोन पावलं पहिल्या दिवसापासून आठवत होती. अकराव्या पावलाला माझी मान वळायची ती मागं कोण आहे ते बघायला नाही. मागं मारुती नाही, हे तिला दिसायचं. त्याला तिथून मी घालवलं होतं, खोटं बोलून. वहीतला आठ हा आकडा नुसत्या भीतीचा नव्हताच.

मी विचारलं, तवाच का बोलला न्हाईस? तो म्हणाला, “तुझा हात गळ्यात. म्हटलं आधी बरं हू दे. मग तूच बोलंनास. म्हटलं, जाऊ दे.” मी त्याच्या पाया पडायला वाकलो. लहान भाऊ, पण पडावंसं वाटलं. त्यानं माझा उजवा हात वरच्या वर धरला आणि म्हणाला, “सावकाश. ऑपरेशनचा माल हाय.” गाड्यावरचे लोक आमच्याकडं बघत होते. बघू देत म्हटलं.

पुढच्या रविवारी गावी गेलो आणि देवळासमोर, जिथं पडलो होतो तिथंच, थोरल्या माणसांना बोलावून सांगितलं. मारुतीनं तोरणी सोडली नव्हती. मी मागं सरलो होतो. दोन वर्षं तुम्ही त्याला बोल लावला तो माझ्या वाक्यावर लावला. शेवटची चाल कुणाला द्यायची ते आता तुम्ही ठरवा. एक म्हातारा म्हणाला, चाल तुझी, तोरणी त्याची, पूर्वीसारखं करा. घरी येताना आप्पा हातातली काठी टेकत माझ्या बाजूनं चालत होते. म्हणाले, “मला ठावं हुतं.” मी तिथंच थांबलो. त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मी मागं सरलो ते. मग सांगितलं का नाही, म्हणून मी जवळजवळ ओरडलोच. आप्पा शांतपणे म्हणाले, “तू इचारलं न्हाईस. जगातलं समदं इचारतोस. एवढंच तेवढं इचारलं न्हाईस.”

त्यानंतर मच्छेच्या त्या प्लॉटवर रोज पाळी सुटल्यावर मारुती यायला लागला. पहिल्या दिवशी अठरा पावलं झाली. भीती एका दिवसात गेली असं म्हणणार नाही, ती पाच-सहावर पुष्कळ दिवस रेंगाळली. पण आता ती उतरायची. काठी हलली की पाय मागं यायला बघायचे. मग मी मॅडमनी शिकवलं तसं जागेवर राहायचो, श्वास मोजायचो, आणि मागचा दोर आपलं काम करायचा. उचलणाऱ्यानं उचलावं, सांभाळणाऱ्यांनी सांभाळावं. माझ्यासारख्या माणसाला एवढं शिकायला खांदा फाडून घ्यावा लागला. मॅडमना वही दाखवली तर त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, औषध तुमच्या फाउंड्रीत होतं म्हणा की.

मात्र ‘कोण’ हा प्रश्न काही सुटेना. व्हिडिओतला माणूस मारुती नव्हता. मग कोण? एवढ्या गर्दीत सुटलेला दोर कुणीही धरू शकतो, दर साली कुणी ना कुणी धरतच असेल. मी स्वतःला हेच सांगतो. पण मी देवाला कारण विचारलं होतं, आणि त्या डाव्या हातानं मला बरोबर त्या दारात नेऊन उभं केलं जिथं कारण होतं. तो हात उजवा असता तर मी मारुतीकडं गेलोच नसतो. याचं काय करायचं ते मला कळत नाही.

या चैत्रात आम्ही परत गेलो. आप्पांना आता चालवत नाही, ते टेम्पोनं आले आणि देवळाच्या पायरीवर आधीच जाऊन बसले. पट्ट्याची गाठ मारुतीनं बांधली आणि मागं गेला. मी काठी घेतली. वळणावर लोंढा आला, काठी थरथरली. मी जागचा राहिलो. मागचा भार होता तिथंच होता. मान वळली नाही. देवळाच्या दारात काठी दिली आणि आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मारुती गुलाल पुसत आला. दम लागला होता. म्हणाला, “वळणावर मागनं एक मानूस चांगला ठेवलातास रं.”

“कसला मानूस?”

“माझा पाय घसरला न्हवं का. दोर गेलाच हुता. मागनं कुणीतरी धरला, मी हुबा राहीपातूर. मला वाटलं तूच सांगून ठेवलंयस कुणाला.”

“मी कुणाला न्हाय सांगितलं. कोण हुतं? बघितलंस?”

“गुलालात कोण वळखतंय?” तो म्हणाला. मग स्वतःच्या मनगटाकडं बघत म्हणाला, “पर डावरा हुता. माझ्यागतच वेढा घेतलाता.”

मीही त्याच्या मनगटाकडं बघितलं. त्याला तो व्हिडिओ मी कधी दाखवला नव्हता. हातांवरून ओळखल्याचं बोललो होतो, पण कोणता हात आणि कसला वेढा ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मारुती गर्दीकडं वळत म्हणाला, “जाऊ का, इचारून बघू? आत्ताच्या आत्ता गावंल.”

“नगो,” मी म्हटलं.

त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “ताप न्हाय आला न्हवं तुला?”

आप्पा हसले, आम्हीही हसलो. गल्लीतून एकामागून एक काठ्या येत होत्या. त्यांच्यामागं दोर धरलेली माणसं होती, म्हातारी, तरणी, बायाबापड्या, सगळी एका रंगाची. त्यांतला कोण ते मला कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी सगळ्यांनाच हात जोडले.